दुमड घालू की साधी ठेवू?

"खाली दुमड घालू की साधी ठेवू?" शिंप्याने विचारलं.

प्रश्न एवढाच होता. शहाण्या माणसाने एका शब्दात उत्तर दिलं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण समोर मिलीमीटर उभा होता.

मिलीमीटर हे त्याचं कारखान्यातलं नाव. बिजागऱ्यांच्या कारखान्यात तो तीस वर्षं तपासनीस होता. बिजागरीची दोन पानं केसभर लहानमोठी निघाली की तिला लाल चिठ्ठी बांधायचा. वर किती कमी ते लिहायचा, खाली 'नापास. परत पाठवा.' आणि कारागिराला एकच प्रश्न: "मोजायला सुरुवात कुठून केलीस?" भल्याभल्यांना घाम फुटायचा.

शनिवारी त्याचा निरोपसमारंभ होता. ज्यांचा ज्यांचा माल त्याने परत पाठवला ते सगळे खाली बसणार, आणि हा वर मंचावर. कोणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही, एवढं त्याने ठरवलं होतं. म्हणून नवी पँट. (जुन्या चांगल्या पँटचं बटण आणि काज यांची गेल्या सहा वर्षांत गाठ पडली नव्हती.)

"फरक काय?" त्याने विचारलं.

"दुमड म्हणजे कापड बाहेरून वर वळवायचं, पट्टीसारखं दिसतं. साधी म्हणजे आत वळवून टाके घालायचे. काही दिसत नाही."

"चांगलं कुठलं?"

"उंच माणसाला दुमड शोभते."

"आणि मला?"

शिंप्याने टेप गळ्यात टाकली. "तुम्हाला साधी बरी."

"म्हणजे मी बुटका."

"साधी केलीत तर वाटणार नाही."

हे त्याला लागलं. पण ऐकीव गोष्टीवर निर्णय देणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो म्हणाला, "उजवा पाय साधा शिवा. डाव्याला दुमड घाला, कच्च्या टाक्यांची. घरी नेऊन बघतो."

"बघा. पण शुक्रवारी तीनच्या आत आणा. नंतर मी दोन दिवस बाहेरगावी."

तीस वर्षांत त्याने माणसांच्या पायांकडे कधी पाहिलं नव्हतं. आता दुसरं काही दिसेना. डॉक्टरांची दुमड. पोस्टमन साधा. बँकेतला माणूस कळेना, म्हणून तो काउंटरवरून इतका आत वाकला की शिपाई धावत आला. बसथांब्यावर खाली बघत रांगेच्या कडेने चालला, तर एकाने विचारलं, "काही पडलं का?" तो नुसता "बघतोय" म्हणाला. मग चार माणसं त्याच्याबरोबर वाकून शोधायला लागली. एका बाईने केसांचा आकडा उचलून त्याच्या हातात दिला. "हा का?" इतक्या कष्टांनंतर नाही म्हणवेना. त्याने तो खिशात ठेवला. (घरी बायकोला सापडला. तिने मांडणीवर ठेवला आणि दोन दिवस त्याबद्दल काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.)

कारखान्यात त्याने लेथवाल्याला विचारलं, "तुम्ही दुमड का घालत नाही?"

"त्यात लोखंडाचा कीस भरतो, साहेब. घरी पोरांच्या पायात घुसतो."

मॅनेजरची दुमड होती. मॅनेजर म्हणाला, "मला काय माहीत. पँट मी फक्त घालतो."

घरचा आरसा कमरेपर्यंतचा. पाय बघायला तो स्टुलावर चढायचा, मग डोकं दिसेना. डावा, उजवा. उजवा, डावा.

"अहो, पडाल," बायको म्हणाली. "साधी घ्या आणि मोकळे व्हा."

"कारण सांग."

"दुमडीतली माती मला झाडावी लागेल."

हे कारण मात्र मापात बसलं. साधीच, असं त्याने ठरवलं. तेव्हा शुक्रवारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. दुकानाला कुलूप.

"द्या इकडे, मी करते," बायको म्हणाली.

"तुझा अंदाज. माझं माप."

त्याने पँट टेबलावर पसरली. उजवा पाय कमरपट्टीच्या खालच्या शिवणीपासून टोकापर्यंत मोजला, दोनदा. आकडा कागदावर लिहिला. तेवढ्यात बायकोने सिलिंडर उचलायला बोलावलं. परत येऊन डाव्याची दुमड उसवली, तोच आकडा कमरपट्टीच्या वरच्या काठापासून धरला, खडूने रेघ मारली आणि आत वळवायला अर्धा इंच ठेवून बाकीचं कापलं. कापडाची नासाडी त्याला खपत नसे. टाके बायकोने घातले. मग पँट घालून तो स्टुलावर चढला.

डावा पाय दीड इंच वर होता.

बायको आधी पँटकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. "मोजायला सुरुवात कुठून केलीत?"

तो स्टुलावरून उतरला.

"मग उजवाही तेवढाच कापू," ती म्हणाली.

"दोन चुका सारख्या झाल्या म्हणजे माल पास होत नाही."

शनिवारी मंचावर तो डावा गुडघा जरा वाकवून उभा राहिला. तसं केलं की दोन्ही टोकं बुटावर एका रेषेत येत. तासभर तो तसाच होता. मॅनेजरने भाषणात सांगितलं, "गुडघा एवढा दुखत असताना या माणसाने एक दिवस खाडा केला नाही." टाळ्या पडल्या. तो लंगडत खाली उतरला. (आता लंगडणं भाग होतं.) कोणी खाली पाहिलं नाही, कोणी हसलं नाही. लेथवाल्याने तर मिठी मारली आणि बराच वेळ सोडलीच नाही. ज्याचा सगळ्यात जास्त माल परत पाठवला, त्याचीच एवढी माया. मिलीमीटरचे डोळे भरून आले.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "एकालाही कळलं नाही. तीस वर्षं शिकवलं, पण नजर कोणाला आली नाही."

"वळा बघू," बायको म्हणाली. "मागे काय लोंबतंय?"

पट्ट्याच्या मागच्या लुपाला लाल चिठ्ठी बांधलेली होती. तिने ती सोडवली आणि उजेडात धरून वाचली. "डावा पाय दीड इंच कमी. नापास. परत पाठवा."

तिने चिठ्ठी मांडणीवर, त्या केसांच्या आकड्याशेजारी ठेवली.

"पाठवलं की," ती म्हणाली. "ते स्टूल आत ठेवा."