ओल्ब समाजाची माफी

हेडक्लार्कांना लाज वाटायला लागली ती वरून आलेलं पत्र फोडल्यावर.

झालं होतं असं. कर्मचाऱ्यांची माहिती भरायचा नवा फॉर्म संगणकावर आला होता. तो चालतो का ते पाहायला त्यांनी एक खोटाच माणूस भरला. राष्ट्र ओल्बेरिया, भाषा ओल्बी, धर्म ओल्ब. ‘धार्मिक आचार’ भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना, म्हणून लिहिलं, ‘मंगळवारी तीन ते चार मौन’. तेवढ्यात चहा आला आणि तो माणूस पुसायचा राहून गेला.

पत्रात विचारलं होतं, ‘आपल्या कार्यालयातील ओल्ब कर्मचाऱ्यांस मौनासाठी जागा आहे काय? नसल्यास का नाही?’

एकतीस वर्षांच्या नोकरीत हेडक्लार्कांना एकही मेमो नव्हता. हे ते घरी जेवतानाही सांगत, आणि बायको न चुकता “वाढू का अजून?” असं विचारी. मेमोची ही पाटी कोरी ठेवूनच निवृत्त व्हायचं, मग आजच खरं सांगून टाकावं, म्हणून ते साहेबांकडे गेले. साहेब आधीच घामाघूम.

“अहो, आपल्याकडे ओल्ब आहेत आणि मला पत्ता नाही! आधी खोली रिकामी करा, मग काय ते बोला.”

भांडाराच्या मागची मोडक्या खुर्च्यांची खोली रिकामी झाली. सतरंजी आली. पहिल्या मंगळवारी खोलीत चिटपाखरू नाही.

“मी वर कळवून बसलोय की बसतात म्हणून,” साहेब हवालदिल झाले. “कुणाला तरी बसवा हो!”

टायपिस्ट बाईंना बसवलं. तासाभराने त्या बाहेर आल्या त्या उजळलेल्या चेहऱ्याने. “बाई गं! बावीस वर्षांत पहिल्यांदा तासभर कुणी ‘जरा हे बघता का’ म्हणालं नाही.”

पुढच्या मंगळवारी भांडारपाल बसले. महिनाभरात अकरा जण झाले.

“ओल्बीत ‘नमस्कार’ला काय म्हणतात हो?” बाईंनी वही उघडून विचारलं.

“मला काय माहीत?”

“तुमच्याच टेबलावरून नोंद गेलीय ना? सांगा की, भाव कशाला खाताय!”

हेडक्लार्क मान खाली घालून काहीतरी सांगत. असे सत्तावीस शब्द झाले. एकेक शब्द सांगताना त्यांचे कान लाल होत.

मग वरच्या कार्यालयातून तपासणीला मोठ्या बाई आल्या, नेमक्या मंगळवारी. तासभर सतरंजीवर बसल्या आणि डोळे टिपत बाहेर आल्या. “इतकं शांत ऑफिस मी आयुष्यात पाहिलं नाही. फार जुना धर्म दिसतो.”

आता मात्र हेडक्लार्कांना राहवेना.

“मॅडम, असं राष्ट्रच नाहीये. ओल्ब कुणीच नाहीत. फॉर्म चालतो का बघायला मीच ते…”

टायपिस्ट बाईंनी पदर डोळ्यांना लावला. भांडारपाल पुढे सरसावले. “अहो, जनाची नाही तर मनाची तरी! समोर अकरा माणसं उभी आहेत आणि तुम्ही म्हणता कुणीच नाहीत?”

हेडक्लार्कांनी अकराही चेहऱ्यांकडे पाहिलं. सगळे खरोखर दुखावले होते.

संध्याकाळी मेमो आला. एका समाजाच्या भावना दुखावल्याबद्दल त्याच समाजाच्या भाषेत माफी लिहून द्यावी, भाषा जाणकाराकडून तपासून घ्यावी. मग मेमो मागे घेता येईल.

सत्तावीस शब्दांत ‘माफी’ नव्हता. तो त्यांनी नवा बनवला, भराभर चार ओळी खरडल्या आणि सुटलो म्हणत कागद साहेबांकडे दिला. दुसऱ्या दिवशी फाइल त्यांच्याच टेबलावर आली. वर साहेबांची चिठ्ठी: ‘तपासून द्या. दुसरं कोण आहे?’

हेडक्लार्कांनी चष्मा पुसला. माफी दोनदा वाचली. सही करायला पेन उचललं, आणि एकतीस वर्षांत डोळे मिटून एकही कागद पुढे न सारलेला तो हात काही केल्या सही करीना. शेवटी त्यांनी समासात शेरा मारला:

‘भाषा शुद्ध आहे. पश्चात्ताप वरवरचा वाटतो. पुन्हा लिहावे.’

आणि फाइल स्वतःकडे परत पाठवली.