मुजीब सरांचा लातूरचा वाचक

आमच्या शेजारचे मुजीब सर फोन उघडायच्या आधी कपडे बदलतात. खोटं वाटेल, पण लातूरच्या आमच्या अख्ख्या गल्लीनं बघितलंय. कामाधंद्याच्या ओळखी जुळवायचं जे ॲप असतं, त्याला कोट. लोक दोन-दोन ओळींत भांडतात त्याला बाह्या सारलेला शर्ट. कॉलेजच्या ग्रुपवर बनियन चालतं. मी म्हणाले, "सर, तिकडून दिसतंय का कुणाला?" तर म्हणाले, "न्हाई दिसत, भाभी. पण लिहिणाऱ्याला ठावं असतं ना!"

सर प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. अख्खी उमर देवणी गाईंचे कान बघण्यात गेली. आजारी पडायच्या आधी गाय कान पाडते, असं त्यांचं संशोधन. आता देवणीचे कान मुळातच लांब, लोंबते. पडलेल्यातलं जास्त पडलेलं ओळखायचं, हे सरांनीच करावं. माणसांनाही तीच परीक्षा. सुनेशी माझं वाजलं की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "भाभी, आज कान पडलेत!"

हे सगळं ऐकायला घरात त्यांच्या बेगम होत्या. त्या गेल्या, आणि सर फोनमध्ये ऐकणारं माणूस शोधायला लागले.

स्थळं बघावीत तशी ॲपं बघायचे. "हे खानदानी हाय, पण जो तो आपलाच सत्कार टाकून राहिला." "इथं नाचल्याबिगर कुणी बघंना." भांडणाच्या ठिकाणी पहिल्याच दिवशी गाईवर लिहिलं. त्यात नाव मुजीब. दोन्हीकडून शिव्या पडल्या. बिचारे म्हणाले, "मी तर नुसतं कानांवर बोललो, भाभी!"

शेवटी शोधनिबंधांचं एक ठिकाण पसंत पडलं. कानांवरचा आपला इंग्रजी निबंध तिथं टाकला. तिथं आरडाओरडा नाही. निबंध कुठल्या गावातून उघडला आणि किती पानं बघितली, तेवढं कळतं, नाव नाही. पण उघडतंय कोण? महिनेच्या महिने सर कोट घालून बसायचे आणि कोट काढून उठायचे. त्यांचे कान पडलेले मलासुद्धा दिसत होते.

फोन मला सरांनीच शिकवलेला. मी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही. नातीकडून तो निबंध शोधून घेतला. रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की तो उघडायचा, वरून खालपर्यंत बोट फिरवायचं, बंद करायचा.

तिसऱ्या दिवशी सर भिंतीशी हजर. "भाभी, वाचक आला! लातूरचाच हाय. रोज येतो, पार शेवटच्या पानापर्यंत जातो!"

"कोण असेल हो?"

"जनावरांचा डॉक्टर असणार. लई जाणकार माणूस."

मी पातेल्यात बघत राहिले.

मग मी लेकीच्या बाळंतपणाला पंधरा दिवस नांदेडला गेले. तिथं एखादवेळी देवपूजा चुकली, पण गाईचे कान नाही चुकले.

परत आल्यावर डिंकाच्या लाडवांचं ताट घेऊन सरांकडे गेले.

"वाचक कसा आहे, सर?"

"पंधरा दिवस नांदेडला होता," ते म्हणाले. "काल परत आला." माझ्या हातातलं ताट घेत म्हणाले, "तुम्ही बी कालच आलात ना, भाभी?"

सर ताट घेऊन आत गेले आणि दार लावलं. दोन दिवस सर दिसले नाहीत, दोरीवर कोट दिसला नाही. मला घास गोड लागेना. माणसाला एकच वाचक होता, तोही माझ्या हातून गेला.

तिसऱ्या सकाळी आधण ठेवलं आणि सवयीनं बोट तिकडं गेलं. निबंध बदलला होता. मराठीत होता. अक्षरं मोठाली, माझ्या चष्म्याला झेपतील अशी. एकच पान. 'गाय बोलत नाही, म्हणून तिचे कान बघावे लागतात.' चहा उतू गेला, पण मी पान पुरं वाचलं.

बाहेर आले. सर भिंतीपलीकडं खुर्चीत, हातात फोन. "पुढचं पान उद्या," म्हणाले. "मराठीत उतरवायला वेळ लागून राहिला."

"पण सर, बाकीचे वाचक काय म्हणतील?"

सर कोटाची गुंडी लावत होते.

"बाकीचे कोण हायेत, भाभी?"