खडूचा उमेदवार

कर्मचारी संघटनेचं सचिवपद या खेपेला आपल्या खिशातच, अशी मास्तरांची पक्की खात्री होती. मास्तर म्हणजे वर्तमानपत्राच्या कचेरीतले मुद्रितशोधक. अकरा वर्षं त्यांचं टेबल स्वच्छतागृहाच्या दाराशी. दार उघडलं की खुर्चीला धक्का! कुणी कुठे बसायचं हे सचिव ठरवी. समोर उभे होते अबोल ग्रंथपाल. त्यांना कोण विचारतंय!

विजयाची युक्ती मास्तरांना प्रुफं तपासतानाच सापडली. 'कँडिडेट' हा शब्द आला लॅटिन 'कँडिडेटस'वरून, म्हणजे शुभ्र वस्त्र ल्यालेला. रोमचे उमेदवार वस्त्राला खडू चोळून मतं मागत हिंडायचे!

"शाळेतून खडू आण," त्यांनी शिक्षिका बायकोला फर्मावलं.

"अहो, सदरा पांढराच आहे की!"

"पांढरा नको, झळाळता हवा!"

"मग निदान झटकून तरी जा."

"झटकायला चोळलाय का?"

मतदानाच्या दिवशी मास्तरांच्या पायाला भिंगरी लागली. छपाईखान्यातून जाहिरात विभागात, तिथून जिन्यावर. सदरा सारखा करायचा, एकेकाला कोपऱ्यात घ्यायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि कुजबुजायचं, "खिडकीजवळची जागा तुम्हाला. बोलू नका हं कुणाला!"

दुपारी मतदानाची रांग लागली. छायाचित्रकाराला पुढच्या यंत्रचालकाचा खांदा दिसला.

"काय हो, मास्तर भेटले वाटतं?"

"छे! मला कशाला भेटतील?"

"मग हा पांढरा पंजा कुणाचा?"

यंत्रचालक वळला. "तुमच्याही खांद्यावर आहे की! खिडकी?"

"खिडकी!"

रांगभर माना वळल्या. मतदार तेवीस, पंजे एकवीस आणि खिडकी एक!

"मास्तर," यंत्रचालक गरजला, "एकमेकांच्या मांडीवर बसायचं का आम्ही?"

"नजरचूक... दुरुस्त करतो..." मास्तर पुटपुटले.

मोजणी झाली. ग्रंथपाल बावीस, मास्तर एक. स्वतःचं का होईना, एक तरी! पण निवडणूक अधिकारी झालेल्या टेलिफोनवाल्या ताईंनी ती गुलाबी चिठ्ठी उजेडात धरली. कोपऱ्यात पांढरा अंगठा!

"मतदाराची खूण उमटलेली चिठ्ठी बाद. नियम सातवा."

मास्तरांनी नियमावली हिसकावून चूक शोधली. एकही सापडेना. तिची प्रुफं त्यांनीच तपासली होती.

ते जागेवर जाऊन बसले. मागून दाराचा धक्का बसला.

"मास्तर," नवे सचिव दारातून म्हणाले, "जरा सरकता का?"