जांभळी पट्टी आणि रंगराव अस्वल

एका जंगलात जे झालं, त्यात चूक रंगराव अस्वलाची होती. मुलांनो, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर गोष्ट संपल्यावर मोठी माणसं नशिबाला दोष देतील आणि तुम्ही माना डोलवाल.

त्या जंगलात बिबटेसर नावाचा बिबट्या होता. त्याने जन्मात कधी मध चाटला नव्हता, की मोहाचं फूल तोंडात घातलं नव्हतं. म्हणून मध आणि मोह सोडण्यावर व्याख्यानं द्यायला तोच लायक ठरला.

"गोड बंद करा," बिबटेसर सांगायचे. "गोड मिळेनासं झालं की शरीर आपली चरबी जाळतं. त्या जळणाची राख लघवीत उतरते, तिला कीटोन म्हणतात. ही पट्टी लघवीत बुडवा. जांभळी झाली की समजा, जिंकलात."

जंगलातले सगळे ज्येष्ठ नादी लागले. पूर्वी ते बेहड्याच्या झाडाखाली बसून नुसतेच तरुणांना नावं ठेवायचे. आता एकमेकांना पट्ट्या दाखवत नावं ठेवायला लागले.

"काय रंगराव, आज कितपत?" सांबरेकाका विचारायचे. सांबरेकाका म्हणजे सांबर. दिवसभर गवत चरून यांची पट्टी जांभळी कशी होते, हे कुणी विचारायचं नाही. ज्येष्ठ होते ना.

"गुलाबीकडे झुकतेय," रंगराव म्हणायचे.

कुठली झुकतेय. फिकटच राहायची. कारण आंघोळीचं निमित्त काढून रंगराव रोज मागच्या कपारीत पोळं चाटून यायचे. घरात मात्र नियम कडक. मध नाही, मोह नाही, बोरं नाहीत.

रंगरावांचा मुलगा झिपऱ्या. ऐन वाढीच्या वयात तो आटत चालला होता.

"अहो, पोरगं ओढ्यावरून उठतच नाही," त्याची आई भागाबाई म्हणाली. "पाणी पितंय नि मुततंय. अंगावर नुसते केस राहिलेत."

"वजन उतरतंय. लोक त्यासाठी झुरतात."

"तोंडाला वास येतो त्याच्या. सडक्या फळासारखा."

आता मात्र रंगराव उठले. पोराच्या हाडांकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं, वासाकडे गेलं.

"मोह खाल्लास?"

"नाही, आबा."

"मग वास कसला?"

"माहीत नाही. पोटात दुखतंय खूप."

"चोरून खाल्लं की दुखणारच."

त्यांनी एक थोबाडीत दिली आणि पळसाचा द्रोण पुढे केला. पट्टीवर खोटारडेपणा उघडा पडणार होता. झिपऱ्याला वाट बघावी लागली नाही, त्याला लघवी सारखीच लागलेली असायची.

पट्टी बुडाली आणि पिकल्या जांभळासारखी झाली. असा रंग बिबटेसरांच्या पट्टीवरसुद्धा कुणी पाहिला नव्हता.

चूक झाली, असं रंगराव म्हणाले नाहीत. मोठी माणसं म्हणत नाहीत. त्यांनी द्रोण तेवढा जपून उचलला.

"कुठे निघालात ते घेऊन?" भागाबाईने विचारलं.

"मेळाव्याला."

बेहड्याखाली त्या दिवशी सर्वांत गडद पट्टीवाल्याचा सत्कार होता. रंगरावांनी आपला म्हणून तोच द्रोण मांडला आणि पट्टी बुडवली. सगळे द्रोणावर वाकले. मग टाळ्या. बिबटेसरांनी स्वतः शाल घातली. श्रीफळ दिलं नाही, खोबऱ्यात साखर असते म्हणे.

तेवढ्यात पाणवठ्याची डॉक्टरीण पुढे सरकली. जळूबाई. जंगलाचं रक्त तपासायचं काम तिचं.

"थांबा," ती म्हणाली. "रंगराव, तहान फार लागते का?"

"छे."

"धाप? पोटदुखी?"

"ठणठणीत आहे मी."

"मग पंजा द्या. उपासतापासाने पट्टी इतकी काळवंडत नाही. कधीकधी रक्तात साखर तुंबलेली असते आणि शरीराला ती वापरताच येत नाही. मग ते स्वतःलाच जाळत सुटतं, रक्त आंबतं. त्यावर औषध आहे माझ्याकडे. पण ते लगेच द्यावं लागतं."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? रंगरावांनी पंजा दिला. जळूबाईने थेंबभर रक्त ओढलं.

"कीटोन नावालाही नाही. मध आहे," ती म्हणाली. मागे कुणीतरी खोकलं. "ही लघवी तुमची नव्हे. कुणाची आहे?"

रंगरावांना कळलं. कळलं नाही असं पुढे त्यांनी पुष्कळांना सांगितलं, पण त्या घडीला त्यांना सगळं कळलं. ओढा, पोटदुखी, तो वास. पण शाल खांद्यावर होती, आणि सांबरेकाका मान वाकडी करून बघत होते.

"माझीच," रंगराव म्हणाले. "तुमची जीभ बिघडली असेल, बाई."

"पुन्हा विचारते. ज्याची असेल त्याच्याकडे फार वेळ उरलेला नाही."

"ज्येष्ठांवर संशय घेता?" बिबटेसर गुरगुरले. "रक्तापेक्षा निष्ठा मोठी." पुन्हा टाळ्या.

जळूला खांदे नसतात, नाहीतर तिने उडवले असते. ती गुपचूप पाण्यात गेली.

आपलं सत्काराचं भाषण उरकलं की तिला हळूच घरी न्यायचं, असं रंगरावांनी मनाशी ठरवलं. भाषण 'घरातले संस्कार' या विषयावर होतं. रंगलं, म्हणून लांबलं. मग एकेकजण पाया पडायला आला. नाही कसं म्हणणार?

शेवटी ते जळूबाईला शालीत घेऊन घरी पोचले. झिपऱ्या ओढ्याच्या काठी पडला होता. तोंड पाण्याकडे. भागाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"मघापर्यंत भात्यासारखा श्वास चालला होता," ती म्हणाली. "तुम्हाला हाका मारत होता." मग तिने शालीकडे पाहिलं.

जळूबाईने झिपऱ्याच्या पंजातून थेंबभर रक्त घेतलं.

"रक्त आंबलंय," ती म्हणाली. "द्रोणातली याचीच होती."

तात्पर्य : मुलांनी मोठ्यांचा शब्द मोडू नये, म्हणजे घराण्याचं नाव होतं. झिपऱ्याने मोहाला तोंड लावलं नाही, बोराला लावलं नाही. रंगरावांचं नाव बेहड्याच्या बुंध्यावर कोरलेलं आहे. त्यांना तो एकच मुलगा होता.