गुरूअण्णांच्या तेवीस गाड्या

रोज संध्याकाळी बरोबर सहाला गुरूअण्णा म्हेत्रे काचेच्या कपाटासमोर पाट टाकून बसतात, हातात पांढरे हातमोजे चढवतात आणि आज कोणती गाडी किती सरकली ते स्टीलच्या पट्टीनं मोजतात. कपाटात तेवीस गाड्या आहेत. सगळ्या जर्मन, सगळ्या पन्नास-साठ वर्षं जुन्या आणि सगळ्या तळहातावर मावणाऱ्या. ओतीव धातूची खेळणी हो, दुसरं काय. पण खेळणी हा शब्द मी त्यांच्यासमोर एकदाच वापरला. पुढचे पंधरा दिवस त्यांनी मला गल्लीत ओळख दाखवली नाही.

गाड्या सरकतात त्या शेजारच्या लूममुळे. आमची सोलापूरची भवानी पेठ म्हणजे भिंतीला भिंत. अण्णांच्या भिंतीपलीकडं आठ यंत्रमाग दिवसभर खडखडत असतात. माणसांना त्याची सवय होते, पण गाड्यांना चाकं असतात. "मास्तर, आज फायरब्रिगेड लई पळाली की. दोन मिलिमीटर," असं म्हणून अण्णा काडेपेटीच्या काडीनं तिला हळूच मागं ढकलतात. पूर्वी एकदा त्यांनी चाकांना अटकाव म्हणून कणकेच्या गोळ्या लावून पाहिल्या होत्या. कपाटाला मुंग्या लागल्या. तेव्हापासून काडी.

मास्तर म्हणजे मी. मी पोस्टात साधा कारकून, पण परदेशी पार्सल माझ्या खिडकीवर मिळतं म्हणून अण्णांनी मला परस्पर बढती देऊन टाकली आहे. खिडकीशी येतात आणि मोठ्यानं जर्मनमध्ये शुभ सकाळ करतात, "गुटन मॉर्गन, मास्तर." मागं रांगेत उभ्या असलेल्या मनीऑर्डरवाल्या आजीबाई दचकतात.

कंडिशन हा अण्णांचा लाडका शब्द. मूळ रंग शाबूत, चाकं मूळची, पुठ्ठ्याचा खोका सोबत, तर कंडिशन चांगली. रंग पुन्हा मारला की त्यांच्या लेखी गाडी मेली. पुढं पुढं ते माणसांनाही हेच माप लावायला लागले. मी पहिल्यांदा केस काळे केले तेव्हा माझ्याकडं बघून "रिपेंट?" एवढंच म्हणाले आणि निघून गेले. एका लग्नात नवरदेवाच्या नव्वदीच्या आजोबांशी ओळख करून दिली, तर त्यांच्या कवळीकडं टक लावून माझ्या कानात म्हणतात, "एक पार्ट बदललेला हाय. बाकी सगळं ओरिजिनल." आजोबांना ते ऐकू गेलं. आजोबा इतके खूश झाले, की अण्णांना आग्रह करून दुसऱ्यांदा जेवायला बसवलं.

त्यांचं स्वतःचं लग्न झालं नाही. तरुणपणी वैरागला मुलगी बघायला गेले होते. तिथला टेबलफॅन आवाज करत होता. अण्णा मिलमध्ये फिटर, त्यांना राहवेना. त्यांनी पंखा उघडला, तेलपाणी केलं, पुन्हा जोडला. पंखा छान चालला, पण या भानगडीत मुलगी आत-बाहेर करून गेली ती यांनी पाहिलीच नाही. घरी येऊन विचारलं तर म्हणाले, "पंखा चांगला हाय."

हा जर्मन नाद कुठून लागला? मिलमध्ये एक जर्मन यंत्र होतं. अण्णांनी तीस वर्षं त्याची निगा राखली. मिल बंद पडली, यंत्र भंगारात निघालं आणि गॅसकटरनं त्याचे तुकडे होताना अण्णा फाटकाशी उभे होते. "लोणी कापल्यागत कापलं, मास्तर." त्याच आठवड्यात जुन्या बाजारात नटबोल्टच्या ढिगात त्यांना बोटभर लांबीचा ट्रक सापडला. पोटावर बारीक अक्षरांत जर्मनीचं नाव. "ह्याला कोण कापतंय ते बघू," म्हणाले आणि खिशात घालून घरी आले.

चौकशी करता कळलं, की ट्रक एका मालिकेतला आहे. एका गावाला लागतील तेवढ्या चोवीस गाड्या: दुधाचा टँकर, टॅक्सी, बंब, अँब्युलन्स. झालं. अण्णांनी साठीत मोबाइल घेतला आणि जर्मनीतले म्हातारे शोधून काढले. पैशाचा व्यवहार जमेना, म्हणून चादरी पाठवायला सुरुवात केली. गाडीला चादर. आज जर्मनीत निदान सहा म्हातारे सोलापुरी चादर पांघरून झोपतात. एकाला प्रेमानं कडक भाकरीही पाठवली होती. त्यानं ती भिंतीवर टांगल्याचा फोटो आला.

तेवीस गाड्या अशा जमल्या. चोविसावी मिळेना. ती होती पोस्टाची पिवळी गाडी. अकरा वर्षं अण्णांनी तिच्यासाठी जिवाचं रान केलं. खात्याचा माणूस म्हणून मलाही तिच्याबद्दल जरा आपलेपणा वाटायला लागला होता. कपाटातली तिची जागा रिकामी ठेवलेली होती आणि अण्णा त्या रिकाम्या जागेवरचीही धूळ पुसायचे. "मरायच्या आदी आणतो बघा," म्हणायचे. त्या आवाजात शंकेला जागाच नसायची.

आता अक्का. अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात कपाळ पांढरं झालं, ती माहेरी परतली आणि आई गेल्यावर तिनंच अण्णांना वाढवलं. दोन खोल्यांत ही दोघं. अक्काला गाड्यांचं कोडंच होतं. "बसायला येत न्हाय, डिझेल लागत न्हाय, मग हिला गाडी कसं म्हणायचं रं गुरू?" असं ती भाकरी थापता थापता विचारायची. अण्णा कानडीत काहीतरी पुटपुटायचे. बहुधा कंडिशनबद्दलच.

तीन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीची गोष्ट. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारं, यंत्रं, वाहनं धुऊन-पुसून त्यांची पूजा होते. लूम बंद असतात. पोस्टात आम्ही शिक्क्यालाही कुंकू लावतो. मी अण्णांकडं प्रसाद घ्यायला गेलो होतो. अण्णा न्हाणीघरात होते आणि अक्का काचेचं कपाट उघडून हळद-कुंकवाची वाटी घेऊन बसली होती. मला म्हणाली, "सायकलीला लावलं, पान्याला लावलं, मग ह्यांनी काय पाप केलंय? वाहन म्हटल्यावर पूजा नको व्हय?" आणि तिनं पांढऱ्या अँब्युलन्सच्या टपावर हळदीचं बोट ओढलं, वर कुंकू टेकवलं. "आजाऱ्याची गाडी हाय, तिला आदी."

दुसरी गाडी तिनं हातात घेतली आणि अण्णा आले.

मी अण्णांना त्याआधी किंवा नंतर तसं ओरडताना ऐकलं नाही. साठ वर्षांचा मूळ रंग होता, खलास केला, तुला काय कळतं, असलं सगळं. अक्कानं गाडी होती तिथं ठेवली. हात पदराला पुसले. "व्हय बाबा, मला काय कळतंय," एवढं म्हणून चुलीकडं गेली. अण्णा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. जेवत मात्र होते.

त्यानंतर अक्का कपाटाची काच बाहेरूनच पुसायची. पुढच्या खंडेनवमीला तिनं सायकल, पाना, पक्कड, न्हाणीघरातला पाण्याचा बंब, अगदी माझ्या स्कूटरलासुद्धा कुंकू लावलं आणि कपाटापुढून नुसती निघून गेली. अण्णा बघत होते. त्यानंतर तीन महिन्यांनी, संक्रांतीच्या आधी अक्का दुपारची झोपली ती उठली नाही. अण्णा रडले नाहीत. लोक म्हणाले, लोखंडाचा माणूस, याला काय. खरं सांगतो, मीही मनात तेच म्हटलं. नंतर एवढंच झालं, की त्यांनी खिडकीवर जुनी जाड चादर टांगली. उन्हानं गाड्यांचा रंग उडतो म्हणून असेल, असं मला वाटलं.

गेल्या वर्षी अक्काचं वर्ष व्हायचं होतं, म्हणून घरात सण नव्हता. यंदा गणपती झाल्यावर अण्णा पोस्टात माझ्या खिडकीशी आले आणि गुटन मॉर्गन न म्हणता म्हणाले, "मास्तर, पिवळी गाडी घावली."

पुण्याच्या एका संग्राहकाकडं दोन पिवळ्या गाड्या होत्या. त्याला अँब्युलन्स हवी होती. गाडीला गाडी, सरळ अदलाबदल. मी अर्धा दिवस रजा टाकून हजर राहिलो. अकरा वर्षांची तपश्चर्या, बघायला नको? गृहस्थ आले, त्यांनीही खिशातून स्वतःचे हातमोजे काढून चढवले, तेव्हा दोघांचं जमणार याची मला खात्री पटली. पिवळी गाडी खोक्यासकट पाटावर ठेवली. खरोखर देखणी होती. अण्णांनी ती उलटी केली, चाकं फिरवली, वास घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते.

मग पुणेकरांनी अँब्युलन्स हातात घेतली. "टपावर हे काय?"

"हळद-कुंकू," मी म्हणालो.

"हरकत नाही. कापसाच्या बोळ्यानं दोन मिनिटांत काढतो. हळदीचं काय, चार दिवस उन्हात ठेवली तरी उडते."

अण्णांनी त्यांच्या हातून अँब्युलन्स काढून घेतली. दोन्ही हातांनी. "बेडा," म्हणाले. बेडा म्हणजे कानडीत नको. गृहस्थांना कळलं नाही, त्यांना वाटलं हे आणखी काही मागतायत. ते दुसरी एक गाडीही द्यायला तयार झाले. अण्णा पुन्हा म्हणाले, "बेडा." तीन वेळा. चहा पाजून, पाव किलो शेंगाचटणी हातात देऊन पिवळ्या गाडीची बोळवण केली.

मी तर भडकलोच. रजा वाया, अकरा वर्षं वाया. तावातावानं बोलणार होतो, तेवढ्यात खिडकीवरच्या चादरीकडं लक्ष गेलं. ऊन त्या चादरीनं अडवलेलं होतं, आणि कपाटात अँब्युलन्सची जागा सगळ्यांत आतल्या कोपऱ्यात होती. मी गुमान घरी आलो.

खंडेनवमीला सकाळीच हाक आली. "मास्तर, वहिनींना घेऊन या." आम्ही गेलो. शेजारचे लूम बंद होते. पाटावर कोरी चादर अंथरून तेवीसच्या तेवीस गाड्या मांडलेल्या. अण्णांच्या हातांत हातमोजे नव्हते.

"वहिनी, हळद किती पातळ लागती?"

माझ्या बायकोनं, सुनीतानं, हळद कालवून दिली. म्हणाली, "मी लावते की, अण्णा."

"बेडा. मीच."

"अण्णा, कंडिशन?" मला राहवलं नाही.

"अक्काचं तोंड एवढंसं झालतं त्या दिवशी," अण्णा म्हणाले. "आन् मी गाडीकडं बघत व्हतो."

फिटरचं जाड बोट त्यांनी हळदीत बुडवलं. टँकर, टॅक्सी, बंब. बावीस गाड्या, एकेक करून, घाई न करता. साठ-साठ वर्षं जपलेल्या रंगावर पिवळं बोट आणि लाल टिकली. एकही गाडी सुटली नाही. अँब्युलन्सपाशी थांबून म्हणाले, "हिचं झालंय." मग उठून कपाटापाशी गेले आणि पोस्टाच्या गाडीच्या रिकाम्या जागेवर, फळीवरच, एक बोट ओढलं.

"इथं कशाला?" सुनीतानं विचारलं.

"येणार हाय ती. सोडतोय व्हय मी? तिचं मागं राहायला नको."

पुन्हा खाली बसून त्यांनी अँब्युलन्स हातावर घेतली आणि कानडीत हळूच म्हणाले, "अक्का, एल्ला आयतू." अक्का, सगळ्यांचं झालं. आणि मग ते रडले, पावणेदोन वर्षांचं साठलेलं.

सुनीतानं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मी तेवढ्यात एक गाडी उचलून कपाटात ठेवायला लागलो, तर रडता रडताच म्हणाले, "मास्तर, हळद वाळू द्या की."