गार व्हायच्या आत उचल!

"वेटरचं काम म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ!" असं मी बायकोला ठणकावून सांगितलं, तेव्हा तिने माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्यात चहाचा कप होता आणि निम्मा चहा बशीत सांडलेला होता.

गोदामातली माझी कारकुनी सुटून दोन महिने झाले होते. घरमालक संध्याकाळी भाडं न्यायला येणार होता, आणि आता मात्र सामान बाहेर काढीन म्हणाला होता.

"मी ताईला सांगू का? भावोजी देतील," बायको म्हणाली.

भावोजी म्हणजे माझा साडू, तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. चौकातल्या हॉटेलात वेटर आहे. राहतो त्याच्या घरी, पण बायकोच्या तोंडून दिवसभर असतो आमच्याच घरात! भावोजी एका हातावर तीन ताटल्या नेतात. भावोजींच्या शर्टाची इस्त्री बघा! भावोजींना टिप काय मिळते! सरळच सांगतो, मी त्या माणसावर जळतो. उपाशी राहीन, पण त्याच्यापुढे हात पसरणार नाही!

"खबरदार! त्याच हॉटेलात मी आज कामाला लागतो आणि पगाराची उचल घेऊन संध्याकाळी घरी येतो!"

बायको अजून काही बोलणार होती. मी चपला घालून निघालोसुद्धा.

हॉटेलच्या काचेवर पाटीच होती, 'वेटर पाहिजेत, ताबडतोब'. मालक गल्ल्यावर बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अनुभव?"

"घरी रोज मीच वाढतो."

"कधी?" मागून साडू हसला. "पण ठेवा मालक, माणूस सज्जन आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याची शिफारस मागितली होती कुणी? पण मालक म्हणाले, "बरं, आजचा दिवस बघतो. आधी ग्लास पूस."

ग्लास पुसायची जागा पार कोपऱ्यात होती. तिथून स्वयंपाकघराचं नुसतं आत जायचं दार दिसायचं; बाहेर यायचं दार पलीकडच्या बाजूला होतं. थोड्या वेळाने आतून एक भसाडा आवाज आला.

"उस्ताद, उचल!"

साडूला तिथे सगळे उस्ताद म्हणत. तो लगबगीने आत गेला. माझ्या हातातला ग्लास तिथेच थांबला. गोदामात आम्हाला उचल मिळायची ती वर्षातून एकदा, साहेबाच्या पाया पडून! आणि इथे हाका मारमारून देतात?

"उस्ताद, दोन उचल!" पुन्हा आवाज.

दोन! याला दोन, आणि मी ग्लास पुसतोय! तासाभरात त्याला इतक्या वेळा उचल मिळाली की माझ्या पोटात दुखायला लागलं. दुपारी तो अर्धा तास गायबही झाला. खिसे भरले असणार, घरी ठेवायला गेला असणार! तो परत येताच पुन्हा हाक आली, "उस्ताद, उचल!" आता मात्र राहवेना. मी फडकं खांद्यावर टाकलं आणि तडक मालकांपुढे जाऊन उभा राहिलो.

मालक फोनवर भाजीवाल्याशी भांडत होते. गल्ल्याचा खण उघडा होता.

"मालक, मलाही उचल..."

"अरे मग उचल ना! विचारतोस काय?" ते फोन कानावरून न काढता ओरडले. "गार व्हायच्या आत उचल!"

पैसे गार होतात हे मला नवीन होतं. पण धंदा त्यांचा! मी खणात हात घातला आणि भाड्यापुरतं उचललं.

"चोर!" मालकांनी फोन टाकला. "चोर! धरा त्याला!"

गिऱ्हाईकं उठून उभी राहिली. एका बाईने पर्स छातीशी धरली. एकजण या गडबडीत बिल न देताच सटकला. मी घाबरून मागे सरकलो, तो थेट साडूवर! त्याच्या हातावर तीन वाट्या सूप होतं. तिन्ही वाट्या मालकांच्या अंगावर गेल्या. सूप मात्र गार झालं नव्हतं.

"तुम्हीच उचल म्हणालात!" मी ओरडलो.

"अरे, ताटल्या! ताटल्या उचल म्हणालो!"

आधी साडूला उमगलं. तो पोट धरून खालीच बसला. "अहो साडूभाऊ, आचारी ओरडतो ना, ते पदार्थ तयार झाला म्हणून! पैसे नव्हे, ताटली उचलायची!" मग त्याने मालकांचा शर्ट पुसला, हात जोडले आणि म्हणाला, "ठेवा याला. माझी जबाबदारी."

मालकांनी ठेवलं. पण उचल? "नव्या माणसाला? अजिबात नाही!"

संध्याकाळी मी रिकाम्या हाताने घराकडे निघालो. दारात सामान पडलेलं असणार या धास्तीने पाय उचलत नव्हते. पण दारात काहीच नव्हतं. बायको निवांत बसली होती.

"घरमालक?"

"आला, भाडं घेतलं, गेला. तुम्ही ऐकून घेता का? मी ताईला फोन केला. दुपारी भावोजी येऊन पैसे देऊन गेले. त्यांनी आपल्यासाठी मालकांकडून उचल घेतली. आणि तुम्हाला सांगू नका म्हणाले, वाईट वाटेल!"

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. साडूला उचल मिळाली होती, आणि ती ठेवायला तो घरीच गेला होता. फक्त माझ्या!

दुसऱ्या दिवशी आतून हाक आली, "नवीन, उचल!" मी निमूटपणे दोन ताटल्या उचलल्या आणि एकही थेंब न सांडता टेबलावर नेल्या. गिऱ्हाईक एकदम खूश!

टेबल साडूचं होतं. टिप त्यालाच मिळाली!