ड्रायरवरचा आत्माराम

"शैलेशसर, हा सर्व्हर एकदा बसवला की विसरून जा! तुमचं हजेरीचं अ‍ॅप तो रोज आपणहून तपासणार. माणसाचा हात लागायला नको!"

बोईसरच्या एका कारखान्याच्या मॅनेजरला मी हे मान ताठ करून सांगितलं होतं. तो कारखाना माझा एकुलता एक ग्राहक, त्यामुळे मान जरा जास्तच ताठ होती.

सर्व्हरचं काम तसं साधं. रोज सकाळी एका खोट्या कामगाराची हजेरी लावायची, संध्याकाळी त्याला बाहेर काढायचं. दोन्ही जमलं तर अ‍ॅप ठीक. आता खोट्या कामगारालाही नाव लागतं. बाबा जाऊन तेव्हा महिना झाला होता. मृत्यूचा दाखला, वीजबिल, बँक, सातबारा... महिनाभर मी अर्जांवर एकच नाव लिहीत होते. बोटांनी तेच लिहिलं. आत्माराम. विभाग, ड्रायर, म्हणजे माल वाळवायचं यंत्र.

पुढे एवढंच करायचं होतं की सर्व्हरला अ‍ॅपच्या चाचणीच्या प्रतीचा पत्ता द्यायचा. मी कारखान्यात चालू असलेल्या खऱ्या अ‍ॅपचा दिला!

हे मला तीन महिन्यांनी कळलं. शैलेशसरांचा फोन आला.

"हेमांगीमॅडम, तुमच्या अ‍ॅपनं हिरा शोधला! नव्वद दिवसांत एक खाडा नाही. रविवारीसुद्धा हजर! शुक्रवारी सत्कार ठेवलाय आत्मारामचा!"

"सर, तो आत्माराम म्हणजे..."

"ड्रायरवरचा! सुपरवायझरला विचारलं मी. चांगला ओळखतो त्याला!"

मी माकुणसारच्या घरून तडक बोईसर गाठलं. सुपरवायझर चंद्रभान गेटवरच भेटले.

"आत्माराम? अपना ही आदमी है, मॅडम! बहुत सीधा!"

"तुम्ही त्याला पाहिलंय?"

"रोज!" असं म्हणून त्यांनी घाईघाईनं हेल्मेट चढवलं आणि कढईतून उडालेल्या मोहरीसारखे दिसेनासे झाले.

मी कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. तिथल्या सोजराबाई नवापूरच्या. त्यांना विचारलं.

"आत्माराम ना? हाय की! चाय बशीत ओतून पितो. तुमाला कोन लागतो?"

"ओळखीचे आहेत."

बाबा चहा बशीतच ओतून पीत. तसे अर्ध्या तालुक्यातले पुरुष पितात, हे मला माहीत आहे. सर्व्हर मी बसवलेला, नाव मी लिहिलेलं. तरी मी कॅन्टीनच्या दाराकडे बघत बसले, चहा गार होईपर्यंत!

गुरुवारी नोंद पुसायला बसले. पडद्यानं विचारलं, "ही नोंद कायमची काढायची?" बाबांचं नाव कमी करायच्या असल्या प्रश्नांना महिनाभर मी ठिकठिकाणी 'हो' म्हणून आले होते. या वेळी बोट हलेना. म्हटलं, उद्या सरांना तोंडीच सांगू. फार तर काम जाईल!

शुक्रवारी सत्काराच्या मांडवात तोंड उघडणार, तोच सर म्हणाले, "मॅडम, आपल्या तारापूरच्या प्लांटचं कामही तुम्हालाच!" मी 'आभारी आहे, सर' म्हणाले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

माईकवरून नाव पुकारलं. आत्माराम!

आणि एक माणूस उठला! पिवळं हेल्मेट सावरत स्टेजवर गेला, प्रेशर कुकर घेतला, चारी दिशांना नमस्कार केला. सगळ्यात जोरात टाळ्या चंद्रभान वाजवत होते.

मी त्या माणसाला मांडवामागे गाठलं.

"दादा, नाव काय तुमचं?"

"चिंतू. सुपरवायझर बोलले, आज तू आत्माराम हाय. मी बोललो, बरं!"

आता मात्र हद्द झाली. मी थेट सरांच्या केबिनमध्ये शिरले.

"सर, आत्माराम माझे वडील. ते जाऊन चार महिने झाले. चूक माझी आहे."

सर उठून उभे राहिले. चष्मा काढला.

"अरेरे! आणि तरी एक खाडा नाही!"

मग अर्धा तास मी त्यांना सर्व्हर, चाचणी, चुकलेला पत्ता असं सगळं समजावलं. ते दोन ग्लास पाणी प्यायले.

"म्हणजे असा माणूसच नाही?"

"नाही, सर. नाव आजच काढते."

"काढू नका!" सर दबक्या आवाजात म्हणाले. "गेटवरच्या यादीत रोज त्याचं नाव पहिलं बघून ड्रायरवाले सगळे वेळेवर यायला लागलेत. त्याला तारापूरला न्या. तिथे फार बेशिस्त आहे. पगाराच्या यादीत तेवढा येऊ देऊ नका!"

मी मान हलवली. खाली घालून!

अशी बाबांची बदली झाली. कालच तारापूरच्या सुपरवायझरांचा फोन आला.

"मॅडम, आत्माराम तुमच्या ओळखीचा ना? कामाला चोख आहे. पण बोलतो फार हो! जरा समज द्या त्याला."

"सांगून बघते," मी म्हटलं. "पण घरातही त्यांनी कधी कुणाचं ऐकलं नाही."